माइक लावला होता, पण ऐकत कोण होतं? लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग, सोप्या भाषेत

माझी आत्या ८१ वर्षांची आहे आणि नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या घरात राहते. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात ते तिलाही सांगता येत नाही, कारण नुसत्या बसून त्या आठवत नाहीत. हात फिरायला लागला की एकीमागून एक येतात. गेल्या दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसलो. एम. जी. रोडवरून आणलेला कॉलर माइक तिच्या पदराला लावला. तिने जात्यात दाण्यांची वैरण घातली आणि चाळीस मिनिटं गात राहिली. घरी येऊन ऐकलं, तर तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, त्यावर सतत एक ‘घूंऽऽ’ आणि मधूनमधून कडकड. जात्याची घरघर तेवढी स्पष्ट.

त्यानंतर ओळखीच्या अनेकांकडून हेच ऐकलं. कुणी शिकवणीचे व्हिडिओ करतंय, कुणी भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या सिंहस्थांच्या आठवणी टिपून ठेवायचं अनेकांच्या मनात आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच: लॅपटॉप चांगला आहे, माइकही घेतला, मग आवाज असा का?

आधी आवाजाच्या वाटेने चालत जाऊ

दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. शेवटच्या ओळीतल्या वेलींना पाणी पोचत नसेल तर तो ठिबकचे ड्रिपर बदलत सुटत नाही. आधी मोटर बघतो, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग लॅटरल, म्हणजे वेलींपाशी जाणारी बारीक नळी. पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तो चालतो आणि जिथे ते पहिल्यांदा कमी झालेलं दिसतं तिथे थांबतो. रेकॉर्डिंगचं अगदी तसंच आहे. आपण मात्र उलटं करतो. शेवटी फाइल खराब निघाली की तिथूनच सुरुवात करतो, एकदम दहा सेटिंग्ज बदलतो आणि नेमकं कशाने काय झालं ते कळतच नाही.

वाट अशी आहे. गळ्यातून निघालेला आवाज म्हणजे हवेतला कंप. तो माइकच्या पातळ पडद्यावर आदळतो आणि त्या हालचालीची वीज तयार होते, अगदी क्षीण. ती वायरमधून साउंड कार्डात जाते. पूर्वी हे खरोखरच वेगळं कार्ड असायचं. आता लॅपटॉपच्या मदरबोर्डवरची ती एक छोटी चिप असते, नाव तेवढं जुनं राहिलं आहे. ही चिप दोन कामं करते: ती क्षीण वीज वाढवते आणि मग तिची मोजणी करून आकडे लिहून काढते. हे आकडे विंडोज रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला देतं आणि सॉफ्टवेअर त्यांची फाइल बनवतं.

मोजणी किती वेळा होते? साधारणपणे एका सेकंदाला ४८,००० वेळा. सीडीसाठी ४४,१०० वेळा. याला सॅम्पल रेट म्हणतात. आकडा एवढा मोठा असण्याचं कारण आपला कान आहे. माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादा कंप आकड्यांत नीट पकडायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं.

नखाने टकटक करून बघा

माझ्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा घोटाळा मला एका साध्या गोष्टीने सापडला. रेकॉर्डिंग सुरू केलं, पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीकडे बघत कॉलर माइकवर नखाने टकटक केलं. पट्टी हललीच नाही. मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी नखाने हलकेच खरवडलं, आणि पट्टी एकदम वर उडाली.

म्हणजे आत्याच्या पदराला लावलेला माइक त्या दिवशी ऐकतच नव्हता. ऐकत होता लॅपटॉपचा स्वतःचा माइक, कॅमेऱ्याजवळच्या बारीक छिद्रातून, तिच्यापासून चार फुटांवरून. आणि लॅपटॉप जात्याशेजारीच फरशीवर ठेवलेला. जात्याची घरघर एवढी ठसठशीत का आली तेही मग कळलं: ती फरशीतून थेट लॅपटॉपच्या अंगात शिरत होती.

असं का झालं? कॉलर माइकची पिन हातात घेऊन बघा. तिच्यावर काळ्या (किंवा पांढऱ्या) बारीक रेघा असतात. कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या माइकला बहुतेक वेळा दोन रेघा असतात, मोबाइलच्या हेडसेटला तीन. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपला एकच गोल भोक असतं आणि ते तीन रेघांच्या पिनेसाठी असतं. त्यात एकाच पिनेतून दोन कानांना आवाज जातो आणि चौथ्या पट्टीतून माइकचा आवाज आत येतो. दोन रेघांची पिन घातली की लॅपटॉप समजतो, हेडफोन लावला. तो स्वतःचा माइक सोडत नाही आणि आपल्याला तसं सांगतही नाही. माझ्या माइकला दोन रेघा होत्या.

यावर उपाय स्वस्त आहेत. एका भोकाचे दोन करणारा स्प्लिटर मिळतो, त्यात माइकची बाजू वेगळी असते. किंवा यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड घ्या, ज्याला माइकचं वेगळं भोक आहे. मी दुसरा मार्ग घेतला. त्याचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे येईल.

स्टेजवरचा माइक असेल तर एवढंच लक्षात ठेवा: भजनी मंडळाकडे असतो तो डायनॅमिक माइक लॅपटॉपच्या भोकात फार बारीक बोलतो, आणि स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, जे लॅपटॉप देत नाही. दोन्हींसाठी यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे अशा माइकसाठीचं बाहेरचं साउंड कार्ड, लागतो.

पट्टी मुळीच हलत नसेल तर

नखाची परीक्षा दोन्हीकडे फसली, तर घाबरू नका. बहुतेक वेळा वाट कुठेतरी बंद केलेली असते. कीबोर्डच्या वरच्या रांगेत माइकचं चित्र असलेलं बटण आहे का आणि त्याचा दिवा लागलाय का ते बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का बघा. तिथे डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटण असतं आणि तेच नेमकं बंद राहतं. मग साउंडच्या सेटिंग्जमध्ये इनपुट म्हणून योग्य माइक निवडा, आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच निवडा. या दोन वेगळ्या निवडी आहेत. एक केली म्हणजे दुसरी झाली असं नाही. कॅमेऱ्यावर चिकटवलेल्या सरकत्या झाकणाने माइकचं छिद्र बुजतं, हेही मी एका ओळखीच्या शिक्षकांच्या लॅपटॉपवर पाहिलं आहे.

आवाज बारीक येतो, मग बूस्ट वाढवू का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सेटिंग्जमध्ये ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसतं, १०, २०, ३० डेसिबल असे टप्पे असतात, आणि हात आपोआप तिकडे जातो. माइककडून आलेली वीज किती पट वाढवायची त्याला गेन म्हणतात. २० डेसिबल गेन म्हणजे दहा पट.

पण दहा पट कशाची? आत्याच्या आवाजाची, पंख्याची, रस्त्यावरच्या रिक्षाची, लॅपटॉपच्या आतल्या पंख्याची आणि खुद्द साउंड कार्डाच्या खरखरीची. सगळ्यांचीच. वरणात मीठ कमी आहे म्हणून तसंच वरण दुप्पट केलं तर त्याचा खारटपणा वाढत नाही.

हवं असतं ते बोलणाऱ्याचा आवाज आणि भोवतालचा आवाज यांच्यातलं अंतर. ते वाढवण्याचा खरा उपाय फुकट आहे: माइक तोंडाजवळ न्या. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज दुप्पट होतो. चार फुटांवरचा माइक दोन फुटांवर आणला, दुप्पट. एक फुटावर, चौपट. वीतभर अंतरावर आणला तर पाच-सहा पट. आणि या सगळ्यात पंखा, रिक्षा, गल्लीतली घंटा जिथल्या तिथे, तेवढ्याच राहतात. कुठलंही सेटिंग हे करू शकत नाही. पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकाने ही एक गोष्ट करून बघावी असं मला मनापासून वाटतं. साध्या माइकने वीतभरावरून केलेलं रेकॉर्डिंग मी चांगल्या माइकने खोलीच्या दुसऱ्या टोकावरून केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा सरस निघालेलं ऐकलं आहे.

तोंडासमोर अगदी नाकाच्या रेषेत मात्र नको. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत सुटतो आणि माइकच्या पडद्यावर धप्‌ धप्‌ वाजतो. जरा बाजूला, हनुवटीच्या खाली. कॉलर माइक पदराच्या घडीत गेला तर कापड घासत राहतं, तेही बघा.

जवळ आणताना उलटी चूक होऊ शकते. साउंड कार्डाच्या मोजपट्टीला वरची हद्द असते, तिला शून्य डेसिबल म्हणतात. आवाज त्याच्यावर गेला की कार्डाकडे लिहायला मोठा आकडाच नसतो. लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. याला क्लिपिंग म्हणतात. दूध उतू गेल्यासारखं आहे हे: सांडलेलं परत पातेल्यात येत नाही, आणि कापलेला माथा कुठल्याही सॉफ्टवेअरला परत खराखुरा उभा करता येत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी सगळ्यात मोठ्या आवाजात गाऊन घ्या आणि पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. माणूस रंगात आला की चाचणीपेक्षा मोठ्याने गातोच. ती जागा त्याच्यासाठी.

ही ‘घूंऽऽ’ येते कुठून?

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, म्हणजे ५० आवर्तनं पूर्ण करते. ती आवाजाच्या वाटेत शिरली की ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली घुमणारी भुणभुण ऐकू येते. शिरते ती बहुतेक वेळा चार्जरमधून, विशेषतः जिथे अर्थिंग नीट नाही तिथे. आत्याच्या घरातली वायरिंग जुनी, सॉकेटला तिसरी तार नाही. तिथे चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवलं की बारीक मुंग्या आल्यासारखं वाटायचं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

परीक्षा सोपी: रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि चार्जर काढा. भुणभुण त्याच क्षणी थांबली, तर कारण सापडलं. मग रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. अर्थिंग वायरमनकडून करून घेणं हा खरा उपाय आहे आणि तो आवाजापुरता नाही, घरातल्या माणसांच्या सुरक्षेसाठी आहे. तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांचा जुगाड लावून भुणभुण घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

भुणभुण नसून बारीक किणकिण असेल, माउस हलवला की बदलणारी, तर ती मदरबोर्डवरच्या इतर चिपांच्या विजेची गळती असते. अंगचं साउंड कार्ड त्यांच्या गर्दीतच बसलेलं असतं. यूएसबीच्या साउंड कार्डाचा जो फायदा मी मघाशी म्हटलं तो हाच: क्षीण वीज या गर्दीत शिरायच्या आधीच, बाहेरच तिचे आकडे होतात.

मधूनमधून कडकड होते, आवाज तुटतो

हे वेगळंच दुखणं आहे आणि त्याचा माइकशी संबंध नाही. साउंड कार्ड आकडे सतत एका छोट्या हौदात टाकत असतं आणि प्रोसेसर येऊन तो हौद रिकामा करत असतो. या हौदाला बफर म्हणतात. २५६ आकड्यांचा हौद ४८,००० च्या वेगाने जेमतेम ५ मिलिसेकंदांत भरतो. तेवढ्यात प्रोसेसर आला नाही तर हौद ओसंडतो, मधले आकडे हरवतात, आणि तिथे ‘कड्‌’ असा आवाज येतो. प्रोसेसर कुठे अडकलेला असतो? अँटीव्हायरसची तपासणी, विंडोजचं अपडेट, ब्राउझरमधले वीस टॅब, कधी वाय-फायचा ड्रायव्हर.

म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद, बाकी सगळं बंद, बॅटरी सेव्हर बंद. आणि सॉफ्टवेअरमध्ये बफर मोठा करा, १०२४ किंवा त्याहून जास्त. छोटा बफर फक्त त्यांना लागतो ज्यांना गाताना स्वतःचाच आवाज कानात लगेच हवा असतो. नुसतं टिपायचं असेल तर मोठ्या हौदाने काही बिघडत नाही.

सुधारणाऱ्या सोयीच आवाज खातात

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे ती. विंडोजमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ असतं, लॅपटॉप कंपन्यांचं स्वतःचंही गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर येतं, मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये तर ते असतंच. ही सगळी बनवली आहेत ऑफिसातल्या बोलण्यासाठी. त्यांचा हिशोब साधारण असा: जो आवाज सतत एकसारखा चालू आहे तो गोंगाट, त्याला काढा.

पण तानपुरा सतत एकसारखाच वाजतो. पेटीचा धरलेला सूरही. जात्याची घरघरही. ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांना हे माहीत आहे: शिष्याला तानपुरा ऐकूच जात नाही, आणि लांबवलेला षड्ज मधेच विरून जातो. दुसरी एक सोय शांततेत गेन आपोआप वाढवते आणि आवाज आला की खाली आणते, त्यामुळे दोन ओळींमधल्या थांब्यात खोलीची खरखर भरतीसारखी वर येते. गाणं, ओवी, कीर्तन, वाद्य, यांतलं काहीही टिपताना हे सगळं बंद असलंच पाहिजे. इनपुटच्या सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतं. फक्त बोलणं असेल आणि खोली गोंगाटाची असेल तर ठेवा.

‘नंतर साफ करता येईल ना?’

काही अंशी. ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये खोलीच्या शांततेचा नमुना देऊन तेवढी खरखर वजा करता येते. त्यासाठी सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करायची. पण जरा जास्त वजा केलं की ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि आवाजाला पत्र्याच्या डब्यातला घुमारा येतो. भुणभुण बऱ्यापैकी काढता येते. फाटलेला आवाज आणि बफरमध्ये हरवलेले आकडे परत येत नाहीत.

‘ब्लूटूथचा हेडसेट महागाचा आहे, तो का नको?’

ऐकायला तो उत्तम. पण त्याचा माइक चालू झाला की बहुतेक हेडसेट फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जातात, आणि त्यात मोजणी सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वर येते. आवाज टेलिफोनसारखा होतो. रेकॉर्डिंगला वायरच बरी.

‘आवाज जाड आणि संथ झालाय’

मोजणी ४८,००० ने झाली आणि वाजवताना ती ४४,१०० ची समजली गेली, तर एक मिनिटाचं गाणं पाच सेकंदांनी लांबतं आणि पेटीच्या काळी एकमध्ये गायलेलं पांढरी एकच्याही खाली उतरतं. विंडोजमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच आकडा ठेवा. आधीची फाइल वाया गेलेली नसते, तिचा आकडा दुरुस्त केला की सूर जागेवर येतो.

ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप कशी चालवायची ते सांगणारं सॉफ्टवेअर, मोठ्या अपडेटनंतर कधीकधी बिघडतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून पुन्हा टाकावा. पण हे सगळ्यात शेवटी. मी लोकांना याच्यापासूनच सुरुवात करताना पाहतो, आणि पिन मात्र दोन रेघांचीच असते.

‘मग मोबाइलवरच का करू नये?’

जरूर करा. मोबाइल बॅटरीवर चालतो, त्यात पंखा नाही, आणि तो सहज वीतभर अंतरावर धरला जातो. मोबाइलवर आवाज छान येण्याचं निम्मं रहस्य तेच आहे. एकट्या माणसाचं बोलणं टिपायला तो पुरेसा आहे. लॅपटॉप लागतो तो दोन माइक एकत्र घ्यायचे असतात, तासन्‌तास चालवायचं असतं, किंवा पट्टीवर नजर ठेवून गेन हाताने सांभाळायचा असतो तेव्हा.

१९२१ साली नाशिकला जन्मलेले गायक द. वि. पलुसकर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी गेले. त्यांचं गाणं आज आपल्यापर्यंत पोचलंय ते ध्वनिमुद्रणामुळे. त्या काळी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे तयारी आधी आणि रेकॉर्डिंग नंतर हे आपोआपच पाळलं जायचं. आपल्याकडे सीडीच्या दर्जाच्या एका तासाच्या स्टिरिओ वेव्ह फाइलला सहाशेपस्तीस एमबीच्या आसपास जागा लागते, जागेची चणचण कुणालाच नाही, आणि म्हणून तीस सेकंदांची चाचणी करून हेडफोनवर ऐकायचा आपल्याला कंटाळा येतो.

संक्रांतीनंतर मी पुन्हा आत्याकडे गेलो. लॅपटॉप तीन मीटरच्या यूएसबी वायरने शेजारच्या खोलीत, लाकडी स्टुलावर. चार्जर पिशवीत. माइक तिच्या हनुवटीपासून वीतभर. आधी तीस सेकंद, मग हेडफोन लावून ऐकलं, गेन थोडा खाली घेतला, दहा सेकंद सगळे गप्प बसलो, आणि मग तिने वैरण घातली. या फाइलमध्ये तिच्या बांगड्या खुंट्यावर आपटतात तेसुद्धा ऐकू येतं, आणि ओवीच्या शेवटी ती श्वास घेते तोही. त्याच रात्री या फाइलच्या दोन प्रती केल्या, एक पेन ड्राइव्हवर आणि एक बहिणीकडे.

दिवाळीत गायलेल्यांपैकी तीन ओव्या मात्र या वेळी आल्या नाहीत. मी आठवण करून दिली, तिने हात फिरवून पाहिला, पण सुरुवातच सापडेना. त्या तीन आता फक्त त्या घुमणाऱ्या, कडकडणाऱ्या फाइलमध्ये आहेत, म्हणून ती फाइलही मी ठेवली आहे.